फुकट सॉफ्टवेअरची वर्गणी कोण भरतं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलताना घसरलेली काही वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)



आजचा विषय माझ्या धंद्यातला आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, तुम्हाला माहितीच आहे. पण घाबरू नका, कोड वगैरे काही वाचून दाखवणार नाही. आज पैशाबद्दल बोलायचंय.

हा भाग तुमच्या कानापर्यंत कसा पोचला ते आधी बघा. माझा आवाज रेकॉर्ड झाला, त्यातला पंख्याचा आवाज काढला, ते केलं ऑडॅसिटीमध्ये. मग फाइल लहान केली, ते काम एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रामनं केलं. तुमच्यापैकी काही जण हे अँटेनापॉडवर ऐकत असतील. आणि आत्ता वाचत असाल तर 'वऱ्हाड' या शब्दातला तो अर्धा र आणि 'क्ष'चं वळण तुमच्या स्क्रीनवर जिथल्या तिथे बसवणारं एक सॉफ्टवेअर आहे, हार्फबझ. अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे. तुम्ही त्याचं नाव ऐकलेलं नसणार. ऐकायची गरजच पडत नाही, इतकं ते नीट चालतं.

या सगळ्यासाठी मी दिलेले पैसे: शून्य. तुम्ही दिलेले: शून्य.

आता आपल्याकडे गावात सप्ता असतो. सात दिवस कीर्तन, सात दिवस पंगत. जेवायला कुणीही या, पत्रावळीवर बसणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा तू वर्गणी दिली का. पण म्हणून ती डाळ फुकट आलेली नसते ना! कुणीतरी दारोदार पावती पुस्तक घेऊन फिरलेलं असतं, कुणीतरी क्विंटलभर गहू दिलेला असतो, आणि शेवटच्या दिवशी माइकवर हिशेब वाचला जातो. ओपन सोर्सची पंगत गेली चाळीस वर्षं चालू आहे. तिच्या वर्गणीचा इतिहास काय, हा आजचा भाग.

सुरुवात १९८३ ची. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करणारा रिचर्ड स्टॉलमन जाहीर करतो की मी एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणार आणि ती सगळ्यांसाठी मोकळी ठेवणार. त्याला त्यानं नाव दिलं ग्नू. इंग्रजीत मोठी पंचाईत आहे, 'मुक्त' आणि 'फुकट' दोन्हीला एकच शब्द, फ्री. त्यामुळे तिकडे चाळीस वर्षं हेच समजावत बसावं लागतंय की आम्ही किमतीबद्दल नाही, स्वातंत्र्याबद्दल बोलतोय. मराठीत ही अडचण नाही. मुक्त वेगळं, फुकट वेगळं. आपण तरीही गोंधळ करतो ती गोष्ट निराळी.

तर या माणसानं नोकरी सोडली. मग खायचं काय? त्यानं इमॅक्स नावाचा एडिटर लिहिला होता, तो टेपवर भरून पोस्टानं पाठवायला सुरुवात केली. एका टेपचे १५० डॉलर. सॉफ्टवेअर मुक्तच होतं, ज्याच्याकडे सोय आहे त्यानं कॉपी करून घ्यावं. ज्याच्याकडे सोय नाही त्यानं टेपचे आणि खटाटोपाचे पैसे द्यावेत. ऑक्टोबर १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही धर्मादाय संस्था स्थापन झाली आणि टेपचा हा व्यवहार तिच्याकडे गेला. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे लोक पैशाला लाजत नव्हते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे कॉलेजात ओपन सोर्सची ओळख 'क्रॅक शोधायची गरज नाही' अशीच करून दिली जाते.

भारतात त्या काळी डाउनलोड ही गोष्टच नव्हती. डायल-अप मोडेमवर लिनक्स उतरवायला किती दिवस लागले असते, कल्पना करा. १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिकानं अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. त्यामागचा माणूस अतुल चिटणीस. पुढे बंगळूरची मोठी ओपन सोर्स परिषदही त्यांनीच उभी केली. २०१३ मध्ये ते गेले. देशभरातल्या एका अख्ख्या पिढीनं लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते त्या सीडीवरून. एक सीडी, मग मित्राकडे कॉपी, त्याच्या मित्राकडे कॉपी.

आता जी गोष्ट मला सगळ्यात आवडते ती सांगतो. ब्लेंडर. थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर. तुमच्यातले जे यूट्यूबसाठी इंट्रो बनवतात त्यांना माहिती असेल. हे आधी मुक्त नव्हतं. नेदरलँड्समधल्या एका कंपनीचं होतं, ती २००२ साली बुडाली. गुंतवणूकदारांनी दुकान बंद केलं, कोड त्यांच्या ताब्यात. ज्यानं ते लिहिलं, तो टोन रूसेनडाल, तो त्यांच्याकडे गेला आणि विचारलं की हा कोड जगाला मोकळा करून द्यायचा तर किती घ्याल? आकडा ठरला एक लाख युरो. त्या वेळच्या दरानं जवळजवळ अर्धा कोटी रुपये. माणसाकडे तेवढे पैसे नव्हते.

मग त्यानं एक ना-नफा संस्था काढली आणि जुलै २००२ मध्ये लोकांपुढे झोळी धरली. लक्षात घ्या, तेव्हा किकस्टार्टर नव्हतं, क्राउडफंडिंग हा शब्दसुद्धा कुणी वापरत नव्हतं. यूपीआय तर सोडाच. एक वेबसाइट आणि एक विनंती. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले! ऑक्टोबर २००२ मध्ये कोड जीपीएल परवान्याखाली खुला झाला. एखाद्या गहाण पडलेल्या जमिनीला गावानं वर्गणी काढून सोडवावं आणि तिचं गायरान करावं, तसं झालं हे.

त्याचं पुढे काय झालं? २०१९ मध्ये एपिक गेम्सनं, म्हणजे फोर्टनाइटवाल्यांनी, ब्लेंडरला बारा लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. आणि २०२५ चा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळाला 'फ्लो' या लॅटव्हियाच्या सिनेमाला, त्यातलं मांजर ब्लेंडरमध्ये बनलंय. छोट्या देशातली छोटी टीम. ज्यांनी २००२ मध्ये पन्नास-शंभर युरो टाकले त्यांना हे काही माहिती नव्हतं.

पण ब्लेंडर दिसतं. चित्र दिसतं, मांजर दिसतं. दिसणाऱ्या गोष्टीला पैसे मिळतात. आपल्याकडेही देवळाच्या कळसाला देणगीदार लगेच मिळतो, त्याच्या नावाची फरशी बसते. ड्रेनेजच्या पाइपाला कुणी देत नाही. आणि इंटरनेटचा बहुतेक भाग हा पाइपच आहे.

ओपनएसएसएल घ्या. तुमच्या ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी जे कुलूप दिसतं, त्यामागचं गणित करणारी ही लायब्ररी. बँका, ईमेल, दुकानं, जगभरचे असंख्य सर्व्हर त्यावर. ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झालं की यात एक भोक आहे. नाव पडलं हार्टब्लीड. बाहेरचा कुणीही सर्व्हरला एक वाकडा प्रश्न विचारायचा आणि सर्व्हर आपल्या स्मृतीतला तुकडा काढून द्यायचा, त्यात पासवर्ड असू शकत होता, कुलपाची किल्लीसुद्धा असू शकत होती. हे भोक दोन वर्षं तसंच पडून होतं. साधारण पाच लाख सर्व्हर उघडे असल्याचा अंदाज तेव्हा आला.

मग लोकांनी विचारलं की एवढं महत्त्वाचं सॉफ्टवेअर बघतं कोण? उत्तर ऐकून सगळे गप्प. पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. आणि वर्षाला येणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर. त्या वेळचे सव्वा लाख रुपये म्हणा. आपल्या जालन्यात एखाद्या मोठ्या गणेश मंडळाचं साउंड सिस्टिमचं बिल याच्यापेक्षा जास्त येत असेल! बाकी पैसा यायचा तो कंपन्यांची किरकोळ कामं करून. म्हणजे ज्या वेळात कोड तपासायचा तो वेळ पोटापाण्यात जायचा.

या प्रकल्पाचे पैशाचे व्यवहार स्टीव्ह मार्क्वेस नावाचा गृहस्थ बघायचा. हार्टब्लीडनंतर आठवडाभरात त्यांच्याकडे सुमारे नऊ हजार डॉलरच्या देणग्या आल्या, बहुतेक छोट्या रकमा, जगभरातून. पाच डॉलर, दहा डॉलर. त्यानं लिहिलं की यातले बहुतेक साधे लोक आहेत, ज्या कंपन्या यावर अब्जावधी कमावतात त्या कुठे आहेत? त्याच महिन्यात गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, ॲमेझॉन, इंटेल वगैरे डझनभर कंपन्या एकत्र आल्या आणि लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभारला, प्रत्येकीनं दर वर्षी एक लाख डॉलर, किमान तीन वर्षं. ओपनएसएसएलला पूर्णवेळ माणसं मिळाली.

आग लागल्यावर विहीर खणायची म्हण आपल्याकडे आहेच. पण एक गोष्ट अजून आहे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, जीपीजीची बातमी आली. ईमेल कूटबद्ध करणारं हे सॉफ्टवेअर जर्मनीतला वेर्नर कोख जवळपास एकट्यानं १९९७ पासून सांभाळत होता आणि त्याचे पैसे संपत आले होते. बातमी आली त्याच दिवशी देणग्यांचा पूर. फेसबुक आणि स्ट्राइप या दोघांनी वर्षाला प्रत्येकी पन्नास हजार डॉलर देऊ म्हणून सांगितलं. चांगलंच झालं. पण ज्याची बातमी आली नाही, त्याचं काय?

त्याचं उत्तर मार्च २०२४ मध्ये मिळालं, आणि ते वाईट होतं. एक्सझेड नावाची फाइल आकुंचित करणारी लायब्ररी आहे, जवळपास प्रत्येक लिनक्सवर. ती सांभाळणारा एकच माणूस, फुकट, मोकळ्या वेळात, आणि थकलेला. आपली मानसिक तब्येत बरी नाही हे त्यानं आधी उघड लिहिलेलंही होतं. मग 'जिया टॅन' या नावाचं कुणीतरी मदतीला आलं. दोनेक वर्षं इमानदारीनं काम केलं, विश्वास कमावला, हळूहळू चाव्या हातात घेतल्या, आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. त्याच काळात काही अनोळखी नावं त्या मूळ माणसावर दबाव आणत होती, की तुझ्याकडून होत नाही तर दुसऱ्याला दे. पकडलं कुणी? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरनं, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय एवढ्यावरून. अर्धा सेकंद! तो चोरदरवाजा सगळीकडे पोचला असता तर काय झालं असतं याचा विचार न केलेला बरा.

मला वाटतं एक्सझेडची गोष्ट हार्टब्लीडपेक्षा जास्त शिकवते. इथे लबाडानं भोक कोडमध्ये शोधलंच नाही. त्यानं दमलेला माणूस शोधला. पैसे दिले असते तर हे टळलंच असतं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण दोन माणसांचा पगार निघाला असता तर तो एकटा पडला नसता एवढं नक्की.

बरं, हे सगळं तिकडचं झालं. आता आपल्या अक्षरांकडे येऊ, कारण मराठीचं बिलही कुणीतरी भरलंय.

तुमच्या घरात कुणाची पत्रिका छापायला डीटीपीवाल्याकडे गेला असाल तर आठवा. श्रीलिपीत टाइप केलेली फाइल आकृतीवाल्याकडे उघडली की नुसती चिन्हं. प्रत्येक कंपनीनं अक्षरांचे क्रमांक आपल्या मनानं ठरवलेले. वर फॉन्ट वापरायचा तर कॉम्प्युटरच्या मागे एक ठोकळा लावावा लागायचा, डोंगल, तो नसला की प्रोग्राम चालणार नाही. मराठी लिहायची तर आधी मराठी विकत घ्यायची, असा तो काळ. युनिकोडनं क्रमांकाचा घोळ मिटवला, पण युनिकोडमध्ये नुसता क्रमांक असतो. अक्षर काढणार कोण? त्याला फॉन्ट लागतो.

मुंबईत १९९९-२००० च्या सुमारास इंडलिनक्स नावाचा गट सुरू झाला, लिनक्स भारतीय भाषांत आणायचं म्हणून. सगळे हौशी. मुंबईतल्याच इंडिकट्रान्स गटानं 'गार्गी' हा देवनागरी फॉन्ट जीपीएलखाली सोडला, युनिकोडचा मुक्त देवनागरी फॉन्ट म्हणून तो पहिल्यांपैकी. डेबियन लिनक्समध्ये तो नंतर कित्येक वर्षं मिळत राहिला. सुलेखनकार र. कृ. जोशी, आयआयटी मुंबईत शिकवणारे, विंडोजमधला 'मंगल' त्यांच्याच हातचा. त्यांनी सरकारी संशोधन संस्थेत केलेलं फॉन्टचं कामही मुक्त लिनक्सवाल्यांच्या हाती आलं. आणि २००४ मध्ये रेड हॅटनं 'लोहित' फॉन्ट खुले केले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावातल्या लाल टोपीवरून. गंमत बघा, या लोहितचं मूळ आरेखन पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं, म्हणजे श्रीलिपीवाल्यांचंच! ज्यांचा फॉन्ट डोंगलशिवाय चालत नव्हता त्यांच्याच हातची अक्षरं दुसऱ्या दारानं मुक्त झाली. पुढे रेड हॅटच्या पुण्यातल्या इंजिनिअरांनी ती वर्षानुवर्षं दुरुस्त केली.

म्हणजे मराठी अक्षरासाठी थोडा सरकारचा पैसा, थोडा एका अमेरिकी कंपनीचा पगार, आणि बरंचसं हौशी लोकांचं रात्रीचं जागरण. आपण मराठी लोकांनी मिळून, ठरवून, भाषेच्या सॉफ्टवेअरसाठी वर्गणी काढली असं चित्र काही मला दिसत नाही. तिकडे केरळात स्वतंत्र मलयालम कम्प्युटिंग नावाची स्वयंसेवकांची संघटना आहे. त्यांनी अँड्रॉइडसाठी इंडिक कीबोर्ड बनवला, वीसहून जास्त भाषांचा, त्यात मराठी आहे. मल्याळी पोरांनी आपली मराठी बाराखडी बसवून दिली. मला याचा आनंदही होतो आणि थोडी लाजही वाटते.

लाज का, तर ही परंपरा आपल्याला नवी नाही. आता जालना जिल्ह्यात या. घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ. समर्थ रामदासांचं जन्मगाव, १६०८. दासबोध आपण देव्हाऱ्यात ठेवतो, पण त्यात एक अख्खा समास अक्षर कसं काढावं यावर आहे हे किती जणांना माहिती आहे? एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास. अक्षर एकसारखं कसं ठेवायचं, ओळी सरळ कशा, कडेला जागा किती सोडायची, बोरू कसा, शाई कशी, कागद कसा. आज आपण याला स्टाइल गाइड म्हणू. कारण ग्रंथ छापून नव्हे, हातानं नकलून पसरणार होता. एकानं चूक केली की पुढच्या सगळ्या प्रतींत चूक. ज्याला गिट माहिती आहे त्याला हे दुखणं लगेच कळेल.

आणि त्याच ग्रंथात, चौदाव्या दशकात, भिक्षेवर एक समास आहे. भिक्षा म्हणजे लाचारी नाही, ती घर-घर फिरून माणसं ओळखायची रीत आहे असा त्याचा रोख. त्यातला मला पटलेला भाग असा: कुणी भरपूर आणून दिलं तरी त्यातलं मूठभरच घ्यायचं. मी इंजिनिअर म्हणून वाचतो तेव्हा मला यात निधीचं धोरण दिसतं. एकाच घरून पोतं घेतलं की त्या घराचे मिंधे होतो. शंभर घरून मूठ मूठ घेतली की एका घरानं दार लावलं तरी चूल बंद पडत नाही. पुढे मठांना इनामं मिळाली, जमिनी मिळाल्या, हेही खरं आहे. इनाम आणि भिक्षा दोन्ही चालल्या. पण इनाम देणारा बदलला की काय होतं, ते पेशवाईनंतरच्या कुठल्याही देवस्थानाचे कागद बघा.

आजच्या ओपन सोर्समध्ये इनाम भरपूर आहेत, भिक्षा कमी. हार्फबझ लिहिणारा बेहदाद एस्फाबोद आधी रेड हॅटच्या, मग गूगलच्या पगारावर होता. कंपनीनं उद्या सांगितलं की हे काम आता नको, तर? कंपनी वाईट असते असं नाही. तिचं प्राधान्य बदलतं, बस.

जालन्याचा अजून एक संबंध सांगतो, तो मला जांबपेक्षाही जास्त विचारात पाडतो. आपलं गाव बियाण्यांचं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, १९९८ ला त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. पण सुरुवात कुठून झाली? दिल्लीच्या पुसा संस्थेनं तयार केलेल्या 'पुसा सावनी' या भेंडीच्या बियाण्यापासून. नंतर संकरित ज्वारी, बाजरी. १९६४ ला देशातली पहिली संकरित ज्वारी सीएसएच-१ आली, ती सरकारी संशोधनातून, आणि त्या संशोधनाला १९५० च्या दशकापासून रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकी धर्मादाय संस्थेची साथ होती. म्हणजे मूळ वाण सार्वजनिक, त्यामागे सरकार आणि एक दानशूर संस्था. त्यावर जालन्याच्या शेतकऱ्यांनी प्लॉट घेतले, कंपन्या उभ्या राहिल्या, शहर उभं राहिलं. ओपन सोर्स कोडवर स्टार्टअप उभी राहते ना, हुबेहूब तसं. आमच्या क्षेत्रात याला अपस्ट्रीम म्हणतात, वरचं पाणी. पाटाच्या मुखाशी पाणी सोडणारा कुणी आहे म्हणून शेपटाला भिजतंय.

आणि जालन्यात दानत नाही असं कुणी म्हणू नये. श्री गणपती नेत्रालय बघा, बारवाले यांच्याच पुढाकारातून उभं राहिलेलं, मराठवाड्यातल्या किती म्हाताऱ्यांना तिथे पुन्हा दिसायला लागलं. स्टीलवाले, बियाणेवाले, मोंढ्यातले व्यापारी, सगळे देतात. शाळेला देतात, गोशाळेला देतात, पाणपोईला देतात. फक्त सगळं देणं पाटाच्या खालच्या टोकाला जातं, जिथे डोळ्यांना दिसतं. वरच्या मुखाशी, जिथे गेट गंजतंय, तिथे कुणी जात नाही. कायदाही त्याच दिशेनं ढकलतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यायचे. कशाला द्यायचे याची यादी सातव्या परिशिष्टात आहे. भूक, शिक्षण, आरोग्य, वारसा, खेळ. मुक्त सॉफ्टवेअर हे नाव त्यात नाही. शिवाय तो पैसा साधारणपणे देशातच खर्चायचा. त्यामुळे आपल्या एमआयडीसीतला कारखाना शाळेला कॉम्प्युटर देऊ शकतो, त्या कॉम्प्युटरवरच्या लिबरऑफिसच्या जर्मनीतल्या संस्थेला मात्र त्या खात्यातून रुपया देऊ शकत नाही.

तुम्ही-मी साधी माणसं देऊ म्हटलं तर? परदेशातल्या संस्थेला दिलं तर ८०जीची सवलत नाही. भारतातल्या नोंदणीकृत संस्थेला दिलं तर आहे, तीही जुन्या करपद्धतीत. दर महिन्याला आपोआप कार्डावरून जाऊ दे म्हणाल, तर १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नवे नियम लागू झाले, आणि कित्येक परदेशी साइटवरचे मासिक हप्ते धडाधड बंद पडले. ग्राहकाच्या भल्यासाठी होता तो नियम, मला मान्य आहे. पण जे लोक महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकत होते त्यांची मूठ तिथे अडकली. उलट्या दिशेनंही तेच. परदेशातून एखाद्या भारतीय संस्थेला देणगी यायची तर एफसीआरए नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतच. चार पोरांच्या गटाला हे कसं झेपणार?

तरी गेल्या पाचेक वर्षांत काहीतरी हललंय. मुंबईचे ऋषभ मेहता, घरच्या फर्निचरच्या धंद्याला हिशेबाचं सॉफ्टवेअर हवं होतं म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं, तेच पुढे ईआरपीनेक्स्ट, पूर्ण मुक्त. त्यांची फ्रॅपे आणि बंगळूरची झेरोधा, यांच्या पुढाकारातून २०२० मध्ये फॉस युनायटेड ही ना-नफा संस्था उभी राहिली. ती गावोगावच्या भेटीगाठींना आणि छोट्या प्रकल्पांना मदत करते. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये झेरोधानं फ्लॉस/फंड जाहीर केला: वर्षाला दहा लाख डॉलर, जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी, प्रत्येकाला दहा हजार ते एक लाख. मागायची पद्धत मला आवडली. लांबलचक अर्ज नाही. प्रकल्पानं आपल्या साइटवर एक फाइल ठेवायची, त्यात लिहायचं की आम्ही कोण, किती लागतात, कशाला लागतात. ती फाइल कुणीही वाचू शकतो, दुसरा देणगीदारही. सप्त्याच्या शेवटी माइकवर हिशेब वाचतात तसं, फक्त आधीच.

हेही शेवटी इनामच आहे, हे मी विसरलेलो नाही. पण भारतातल्या कंपनीनं वरच्या पाण्याला दिलेलं इनाम आहे, आणि एवढ्या रकमेचं असं काही मी आधी पाहिलं नव्हतं.

मी काय करतो, हे काही जण मेसेज करून विचारतील म्हणून आधीच सांगतो. महिन्याला दोनशे रुपये बाजूला, आणि वर्षातून दोनदा एकरकमी पाठवतो. एकदा अँटेनापॉडला, कारण ते जाहिरात दाखवत नाहीत. एकदा अशा कशाला तरी ज्याचं नाव मला त्या सहा महिन्यांत पहिल्यांदा कळलं. ते शोधायला सोपं आहे. कुठलंही ॲप उघडा, सेटिंगमध्ये तळाशी 'ओपन सोर्स लायसन्सेस' असं असतं, जिथे कुणीच जात नाही. तिथे एक लांब यादी दिसेल. त्यातलं एक नाव घ्या, त्याची साइट उघडा, आणि शेवटचं काम कधी झालं आणि किती जणांनी केलं ते बघा. एकच नाव दिसलं तर तिथे थांबा. पैसे नसतील तर चूक सापडल्यावर नीट कळवणं, मराठी भाषांतर तपासणं हेही चालतं. फक्त 'भाऊ, कधी दुरुस्त करताय?' असं विचारायला जाऊ नका, तिथे पगारी माणूस नसतो.

मागच्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या एका ॲपची ही यादी मी मोजली. चारशेच्या वर नावं होती. जेवायच्या सुट्टीत वाचायला घेतली, पन्नासाव्या नावाला सुट्टी संपली.

पुढच्या भागात पीसीक्वेस्टच्या त्या सीडींबद्दल सविस्तर बोलायचंय. कुणाच्या काकांच्या, मामांच्या कपाटात १९९६ ते २००० मधली एखादी पडली असेल, चालत असो वा नसो, फोटो काढून पाठवा. भोकरदन, परतूर, मंठा, कुठूनही चालेल. भेटू.